खंडारबाणीचे बीनकार उस्ताद असद अली खाँ

१४ जून २०११ रोजी नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत उस्ताद असद अली खाँ यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय त्र्याहत्तर वर्षांचे होते. रुद्रवीणा अर्थात बीन या वाद्याचे ते देशातील अग्रगण्य वादक होते आणि ध्रुपदाच्या चार बाण्यांपैकी खंडारबाणीचे अखेरचे श्रेष्ठ बीनकार मानले जात. मोगल दरबारातील कलावंत ज्या पद्धतीने बीन धरीत, त्याच पद्धतीने ती धरून वाजविण्याचा नेम त्यांनी आयुष्यभर पाळला. वाद्याची घडण बदलावी, बैठक सोयीची करावी किंवा वादन अधिक झटपट रंगणारे करावे, यांपैकी कोणतीही तडजोड त्यांनी स्वीकारली नाही. दरबार लयाला गेले, श्रोते पांगले, तरीही दिल्लीसारख्या महानगरात राहून त्यांनी ही परंपरा टिकविली. जुनी कला जशीच्या तशी सांभाळायची झाल्यास त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न त्यांच्या जीवनवृत्तान्तातून पुढे येतो.

वाद्य आणि बाणी

बीन हे दिसण्यास भव्य वाद्य आहे. लांब पोकळ दांडी, तिच्या दोन्ही टोकांजवळ बसविलेले दोन मोठे भोपळे, दांडीवर मेणाने घट्ट बसविलेले उंच पडदे आणि त्यांवरून जाणाऱ्या चार मुख्य तारा, अशी तिची रचना असते. यांखेरीज चिकारीच्या आणि खर्जाच्या साथीच्या तारा कडेने बांधलेल्या असतात. चिकारीची तार करंगळीने छेडली जाते आणि तिच्या आघातांनी आलापातील लय सूचित होते. मुख्य तार पडद्यावर दाबून बाजूला खेचली की एका स्वरातून दुसऱ्या स्वरात अखंड जाणारी मींड निघते. बीनेवरील मींड लांब, खोल आणि गंभीर असते. वाद्याचा आवाज मात्र फार मोठा नसतो. दरबारातील किंवा देवालयातील मोजक्या जाणकारांसमोर वाजविण्यासाठीच हे वाद्य घडलेले आहे.

बीनेवर ध्रुपद अंगाचे संगीत वाजविले जाते. प्रथम तालाविना दीर्घ आलाप, त्यानंतर लय धरणारा जोड, मग द्रुत झाला आणि शेवटी पखवाजाच्या साथीने चौताल किंवा धमार तालातील रचना, असा त्याचा क्रम असतो. एका रागाच्या आलापालाच तासाभराचा अवधी सहज लागतो. रागातील प्रत्येक स्वर सावकाश उलगडत नेणे हा या वादनाचा प्राण समजला जातो.

ध्रुपदगायनाच्या गोबरहार, डागुर, खंडार आणि नौहार अशा चार बाण्या सांगितल्या जातात. बाणी म्हणजे रागाचा विस्तार करण्याची आणि स्वर लावण्याची विशिष्ट शैली. डागुरबाणीची ओळख शांत, संथ स्वरविस्ताराशी जोडली जाते, तर खंडारबाणीत जोरकस गमक, ठळक आघात आणि वीररसाचा आवेश यांना महत्त्व दिले जाते. तिचा संबंध परंपरेने तानसेनाचे जामात मानल्या गेलेल्या नौबत खाँ यांच्याशी जोडला जातो. नौबत खाँ अकबराच्या आणि जहांगीराच्या काळातील नामवंत बीनकार होते. मोगल चित्रकार मन्सूर याने सुमारे १६०० च्या सुमारास काढलेले त्यांचे चित्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जतन केलेले आहे. बीनेचा एक भोपळा खांद्यावर घेतलेला हा कलावंत त्या चित्रात दिसतो. पुढे सुमारे चार शतकांनंतर असद अली खाँ दिल्लीच्या व्यासपीठांवर वीणा खांद्यावर घेऊन बसत असत, तेव्हा जुन्या चित्रांतील ही प्रतिमा जाणकारांच्या डोळ्यांसमोर उभी राहत असे.

पाश्चात्त्य जगाशी तुलना

जुने संगीत जुन्याच वाद्यांवर आणि जुन्याच पद्धतीने वाजवावे, हा विचार युरोपात विसाव्या शतकात एक चळवळ म्हणून रुजला. आर्नल्ड डॉलमेच यांनी इंग्लंडमध्ये विस्मृतीत गेलेली वाद्ये नव्याने घडविली. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे १९३३ साली प्राचीन संगीताच्या अध्ययनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. व्हिएन्नातील चेलोवादक निकोलाउस हार्नोनकूर्ट यांनी १९५३ मध्ये जुन्या वाद्यांचा वाद्यवृंद उभारला. या सर्वांपुढील अडचण एकच होती. व्हिओला द गांबासारख्या वाद्यांची गुरुशिष्य परंपरा मध्यंतरी खंडित झाली होती. स्वरलिपीतील हस्तलिखिते, वादनाविषयीचे ग्रंथ आणि संग्रहालयांतील वाद्ये हाती होती, परंतु ती वाजविणारा हात उरला नव्हता. तो हात त्यांना अभ्यासाने पुन्हा घडवावा लागला.

असद अली खाँ यांच्यासमोरील परिस्थिती याच्या नेमकी उलट होती. त्यांच्याकडे हात होता. पित्याकडून पुत्राकडे, पिढ्यान्‌पिढ्या आलेली वादनाची रीत त्यांना जशी मिळाली होती तशी अवगत होती. मात्र ती कोणत्याही ग्रंथात पुरेशा तपशिलाने लिहिलेली नव्हती. मींड किती खेचावी, आघात कोणत्या क्षणी करावा, आलापात कोठे थांबावे, हे सारे समोर बसूनच शिकावे लागते. त्यामुळे शिकणारा उरला नाही तर युरोपाप्रमाणे शंभर वर्षांनी ग्रंथांच्या आधारे ही विद्या पुन्हा उभी करण्याची शक्यता फार थोडी. असद अली खाँ यांच्या कारकिर्दीला जी निकड होती, तिचे मूळ येथे आहे.

जयपूर, अलवर, रामपूर

दिल्ली आणि बीन यांचे नाते फार जुने. अठराव्या शतकात मोहंमदशहाच्या दरबारी असलेले नियामत खाँ ऊर्फ सदारंग हे मुळात बीनकारच होते. ख्याल गायकीच्या विकासात त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. निजामासमवेत दख्खनमधून दिल्लीस आलेल्या दर्गाह कुली खाँ याने त्या काळच्या दिल्लीचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात नियामत खाँ यांच्या बीनवादनाची प्रशंसा आढळते. पुढे मोगल सत्ता क्षीण होत गेली आणि १८५७ च्या उठावानंतर तिचा अंत झाला. दिल्लीचा आश्रय संपला आणि राजस्थानातील तसेच उत्तरेतील संस्थाने कलावंतांची आश्रयस्थाने बनली.

असद अली खाँ यांचे घराणे या संस्थानी जगातीलच होते. त्यांच्या घराण्यातील बीनकारांची ती सातवी पिढी. त्यांचे पणजोबा रजब अली खाँ हे जयपूर दरबारातील संगीतकारांचे प्रमुख होते आणि त्यांना गावाची जहागीर मिळाली होती. महाराष्ट्रातील रसिकांना परिचित असलेले देवासचे गायक रजब अली खाँ हे निराळे. त्याचप्रमाणे जयपूर म्हटले की मराठी श्रोत्यांना अल्लादिया खाँ यांची कोल्हापुरात बहरलेली गायकी आठवते. जयपूरची बीनकार परंपरा तिच्याहून वेगळी आहे.

आजोबा मुशर्रफ खाँ यांनी अलवर दरबारी सेवा केली. १८८६ साली त्यांनी लंडनमध्ये आपले वादन सादर केले होते. भारतीय वादकाने सागर ओलांडून आपली कला सादर करणे ही त्या काळी अपूर्वाईची गोष्ट होती. १९०९ मध्ये त्यांचे निधन झाले. वडील सादिक अली खाँ यांनीही अलवर दरबारी चाकरी केली आणि नंतर रामपूरच्या नवाबांच्या पदरी पस्तीस वर्षे व्यतीत केली.

रामपूर हे संस्थान आकाराने लहान असले तरी संगीताच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. तेथील बीनकार वझीर खाँ यांच्याकडे अल्लाउद्दीन खाँ आणि हाफिज अली खाँ या दोन थोर सरोदवादकांनी विद्या घेतली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीही जुन्या चीजा मिळविण्यासाठी रामपूरशी घनिष्ठ संबंध जोडला होता. सतार आणि सरोद या वाद्यांवर पुढे जो विस्तृत आलाप रूढ झाला, त्यामागे बीनेचे संस्कार आहेत. प्रत्यक्ष बीन मात्र बीनकारांनी आपल्या कुटुंबातच जपली. बाहेरच्या शिष्याला बीनेऐवजी सुरबहार शिकविण्याची प्रथा पडली, असे सांगितले जाते. विद्या घरातच राहावी या आग्रहामुळे तिची शुद्धता टिकली असेल, परंतु तिचे वारस संख्येने फारच थोडे उरले.

महाराष्ट्राचाही बीनेशी संबंध आला आहे. इंदूरच्या होळकर दरबाराशी निगडित असलेले विख्यात बीनकार बंदे अली खाँ यांनी अखेरचा काळ पुण्यात घालविला आणि तेथेच त्यांचे निधन झाले. किराणा घराण्याच्या स्वरप्रधान गायकीवर त्यांच्या वादनाचा प्रभाव असल्याचे अभ्यासक मानतात.

शिक्षण आणि दिल्लीतील कार्य

असद अली खाँ यांचा जन्म १ डिसेंबर १९३७ रोजी अलवर येथे झाला. वडील सादिक अली खाँ हेच त्यांचे गुरू. बीनवादनाबरोबर त्यांना गायनाचीही तालीम देण्यात आली आणि ही तालीम पंधरा वर्षे चालली. ध्रुपदाच्या परंपरेत वादकाने आधी गळ्याने राग आत्मसात करावा, अशी अपेक्षा असते. जो स्वर गळ्यातून निघत नाही तो तारेवरही नीट उमटत नाही, असा यामागील विचार आहे.

ते नऊ वर्षांचे असताना देश स्वतंत्र झाला. संस्थाने विलीन झाली. १९४९ मध्ये रामपूरही भारतीय संघराज्यात सामील झाले. वडिलांच्या पिढीला जो राजाश्रय होता तो या पिढीला मिळणार नव्हता, हे उघड होते. पुढे १९७१ साली संस्थानिकांचे तनखेही रद्द झाले. कलावंतांपुढे आता आकाशवाणी, विद्यापीठे, संगीत संमेलने आणि सरकारी अकादमी हेच आधार उरले. यांतील बहुतेक संस्थांची केंद्रे राजधानी दिल्लीत होती. असद अली खाँ दिल्लीत आले आणि येथेच स्थायिक झाले. ज्या नगरीतून बीन पूर्वी संस्थानांकडे गेली होती, त्याच नगरीत ती अशा रीतीने परत आली.

आकाशवाणीवर त्यांनी काम केले. रेडिओने शास्त्रीय संगीत घरोघरी पोहोचविले, तसेच दरबारी कलावंतांना नवी उपजीविका दिली. मात्र रेडिओच्या ठरावीक वेळेच्या चौकटीत बीनेचा सावकाश उलगडणारा आलाप बसविणे सोपे नव्हते. दुसरीकडे ध्वनिक्षेपकाचा एक लाभ या वाद्याला झाला. बीनेचा मंद, खोल नाद पूर्वी पहिल्या काही रांगांपलीकडे क्वचितच पोहोचत असे. तो आता दूर बसलेल्या श्रोत्यालाही ऐकू जाऊ लागला.

दिल्ली विद्यापीठाच्या संगीत व ललित कला विद्याशाखेत त्यांनी सतरा वर्षे अध्यापन केले. तेथे ते शिकवीत असत ते सतार. सात पिढ्यांची बीनेची विद्या ज्यांच्याकडे होती, त्या कलावंताने वर्गात सतार शिकवावी, ही वस्तुस्थिती बीनेच्या तत्कालीन अवस्थेविषयी बरेच काही सांगून जाते. सतारीसाठी विद्यार्थी मोठ्या संख्येने येत आणि बीनेसाठी येणारे विरळा असत. चरितार्थासाठी एक वाद्य आणि साधनेसाठी दुसरे, असा हा दुहेरी क्रम त्यांनी दीर्घकाळ चालविला. निवृत्तीनंतरही खासगी रीतीने त्यांचे शिकविणे सुरू राहिले.

खांदा आणि मांडी

असद अली खाँ यांच्या मैफलीत श्रोत्यांचे लक्ष सर्वप्रथम वेधून घेत असे ती त्यांची बैठक. ते वज्रासनात, म्हणजे गुडघे मुडपून टाचांवर बसत. वीणेचा वरचा भोपळा डाव्या खांद्यावर आणि खालचा उजव्या बाजूस टेकलेला असे. दांडी शरीरासमोर तिरकी येत असे. डावा हात दांडीला वेढा घालून पडद्यांवर पोहोचत असे आणि उजव्या हाताच्या बोटांवर तारेची मिजराब चढविलेली असे. या अवस्थेत तास-दीड तास न हलता बसणे तरुण माणसालाही कठीण आहे. वयाच्या सत्तरीपर्यंत हाच नेम पाळण्यासाठी किती शारीरिक शिस्त लागत असेल, याची कल्पना करता येते.

याच काळात बीनेच्या दुसऱ्या एका थोर साधकाने वेगळा मार्ग निवडला होता. डागर घराण्यातील उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर हे असद अली खाँ यांच्याहून आठ वर्षांनी मोठे. मुंबईतील चेंबूर आणि पनवेलजवळील पळस्पे येथील गुरुकुल हे त्यांच्या कार्याचे क्षेत्र होते. त्यांनी कोलकात्यातील कनाईलाल यांच्या कारखान्यातून अधिक जाड दांडीची, मोठ्या भोपळ्यांची वीणा तयार करून घेतली. ती खांद्यावर न घेता ते दक्षिणेतील सरस्वती वीणेप्रमाणे मांडीवर घेत आणि मिजराबीऐवजी उघड्या बोटांनी छेडत. त्यामुळे नाद अधिक खोल झाला आणि अधिक काळ टिकू लागला. डागुरबाणीच्या संथ आलापाला तो अनुकूल ठरला. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र बहाउद्दीन डागर यांनी हा वारसा पुढे चालविला आहे.

एकाच वाद्याच्या रक्षणाची ही दोन उत्तरे होती. झिया मोहिउद्दीन डागर यांनी संगीताच्या मागणीनुसार वाद्याला नवे रूप दिले. असद अली खाँ यांनी वाद्य आणि त्याची रीत हाच प्रमाण आधार मानला आणि आपले संगीत त्याच्या मर्यादेत राखले. त्यांच्या दृष्टीने बैठक ही वादनाचाच भाग होती. खांद्यावरील भोपळा वादकाच्या कानाजवळ असतो आणि दांडीचे कंपन त्याच्या शरीरात उतरते. मिजराबीमुळे आघात स्पष्ट आणि धारदार उमटतो. खंडारबाणीतील जोरकस गमक आणि पखवाजाशी होणारी झुंज यांना अशा स्पष्ट आघातांची गरज असते. बैठक किंवा छेडण्याची रीत बदलली असती तर बाणीचे स्वरूपही बदलले असते.

या भूमिकेवर एक आक्षेप घेता येतो. सात पिढ्यांत वादन तसूभरही बदलले नाही, हे सिद्ध करण्यास पुरावा कोणता? रजब अली खाँ यांच्या काळी ध्वनिमुद्रण उपलब्ध नव्हते. प्रत्येक पिढीतील कलावंत आपल्या स्वभावानुसार काही भर घालतच असतो. मौखिक परंपरेत शुद्धतेचा दावा अखेरीस गुरूवरील विश्वासावरच उभा असतो. तरीही असद अली खाँ यांचे वादन या आक्षेपाने उणे ठरत नाही. चित्रांत दिसणारी धरण्याची रीत, वाद्याची जुनी घडण आणि घराण्याची तालीम या तिन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र आल्या होत्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस असा संगम अन्यत्र क्वचितच आढळत असे.

शिवाचे वाद्य आणि शिया मुसलमान साधक

रुद्रवीणेची निर्मिती भगवान शंकराने केली, अशी परंपरागत श्रद्धा आहे. पहुडलेल्या पार्वतीचे रूप पाहून शंकराला या वाद्याची कल्पना सुचली, असे आख्यायिका सांगते. असद अली खाँ शिया मुसलमान होते आणि बीन ही शिवाची निर्मिती आहे ही श्रद्धाही त्यांनी मनोभावे जपली होती. या दोन निष्ठांमध्ये त्यांना कोणताही विरोध जाणवत नसे. उत्तर हिंदुस्थानी संगीतातील अनेक मुसलमान घराण्यांत सरस्वती, शिव आणि नाद यांविषयीचा आदर असाच स्वाभाविकपणे नांदत आला आहे. ध्रुपदांच्या पदांत देवदेवतांची स्तुती असते आणि ती पदे मुसलमान कलावंतांनी शतकानुशतके कंठस्थ ठेवली आहेत. असद अली खाँ यांच्या लेखी बीन हे करमणुकीचे साधन नव्हते. तिच्याकडे ते उपासनेचे माध्यम म्हणून पाहत असत.

शिष्यांचा शोध

असद अली खाँ अविवाहित राहिले. घराण्याच्या रीतीप्रमाणे विद्या पित्याकडून पुत्राकडे जात असल्याने वारसाचा प्रश्न त्यांच्यापुढे तीव्रतेने उभा होता. त्यांनी आपला पुतण्या अली झकी हैदर याला दत्तक घेतले आणि त्याला बीनेची तालीम दिली. त्याचबरोबर कुटुंबाबाहेरील विद्यार्थ्यांसाठीही त्यांनी आपले दार उघडले. वाद्याच्या घडणीबाबत आणि वादनाच्या रीतीबाबत कमालीचा आग्रही असलेला हा कलावंत शिष्यांच्या निवडीत मात्र पूर्वजांहून उदार ठरला. विद्या घराबाहेर गेली नाही तर ती उरणारच नाही, याची जाणीव त्यामागे असावी.

त्यांच्या शिष्यवर्गात जर्मनीचे कार्स्टन विके आणि कर्नाटकातील ज्योती हेगडे यांचा समावेश होता. परंपरेने पुरुषांपुरत्या मर्यादित समजल्या गेलेल्या या वाद्यावर ज्योती हेगडे यांनी नाव मिळविले. कार्स्टन विके यांनी वादनाबरोबरच वीणा घडविण्याच्या कामातही लक्ष घातले. हे कामही महत्त्वाचे आहे. बीन बनविणारे कारागीर मोजकेच उरले असून, वाद्यच मिळेनासे झाले तर शिकण्याची इच्छा असूनही उपयोग होत नाही.

परदेशी विद्यार्थ्यांची संख्या भारतीयांपेक्षा अधिक असावी, याचे असद अली खाँ यांना दुःख होते. आपल्या देशातील तरुणांना बीन शिकण्याची तयारी नाही, अशी खंत ते वेळोवेळी व्यक्त करीत. ही खंत रास्त असली तरी तिची दुसरी बाजूही आहे. बीनेचे शिक्षण दीर्घकाळ चालते, वाद्य महाग असते आणि ते प्रवासात सांभाळणे जिकिरीचे असते. इतके परिश्रम करूनही मैफलींची निमंत्रणे मोजकी येतात. मध्यमवर्गीय घरातील तरुणाने उपजीविकेचा भरवसा नसताना या मार्गावर पाऊल टाकावे, ही अपेक्षा सोपी नाही. राजाश्रय असताना ही जोखीम दरबार उचलीत असे. तो गेल्यावर ती एकट्या विद्यार्थ्यावर येऊन पडली.

तरुणांपर्यंत पोहोचण्यासाठी त्यांनी स्वतः पुढाकार घेतला. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत किरण सेठ यांनी १९७७ साली सुरू केलेल्या स्पिक मॅके या चळवळीच्या कार्यक्रमांतून त्यांनी शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसमोर वादन केले. बीन हा शब्द ऐकला की गारुड्याची पुंगी आठवणाऱ्या पिढीला हे वाद्य प्रथमच प्रत्यक्ष पाहायला आणि ऐकायला मिळाले.

विदेशांतही त्यांनी आपली कला सादर केली. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अफगाणिस्तान, इटली आणि युरोपातील अन्य देशांत त्यांच्या मैफली झाल्या. अमेरिकेत त्यांनी संगीताचे अभ्यासवर्गही घेतले. आजोबांनी लंडनमध्ये वादन केल्याला त्या वेळी शतक लोटत आले होते किंवा उलटून गेले होते.

सन्मान आणि अखेर

१९७७ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांना पुरस्कार देऊन गौरविले. त्या वेळी ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. त्यानंतर तीन दशकांनी, २००८ साली, त्यांना पद्मभूषण किताब जाहीर झाला आणि तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते तो त्यांना प्रदान करण्यात आला. राष्ट्राने केलेल्या या गौरवाचे मोल मोठे असले तरी बीनेपुढील मूळ अडचण त्याने दूर झाली नाही. पुरस्कार व्यक्तीला मिळतो, तर परंपरेला हवे असतात ते शिष्य, कारागीर आणि नियमित श्रोते.

दिल्लीत जुन्या वाद्यांच्या जतनाचे आणखी एक मोठे कार्य याच काळात झाले. प्रसिद्ध सरोदवादक शरन रानी यांनी आपला वाद्यसंग्रह राष्ट्रीय संग्रहालयाला अर्पण केला. अशा संग्रहांमुळे वाद्यांची घडण, लाकूड आणि कलाकुसर पुढील पिढ्यांसाठी सुरक्षित राहते. परंतु काचेआडची वीणा नादाविषयी काही सांगू शकत नाही. तो नाद कसा काढावयाचा, हे ज्ञान असद अली खाँ यांच्यासारख्या कलावंतांच्या हातांतच होते. संग्रहालय आणि गुरू ही दोन्ही स्थाने एकाच शहरात असूनही दुसऱ्याकडे वळणारे फार थोडे निघाले.

जून २०११ मध्ये त्यांच्या निधनाने खंडारबाणीच्या बीनवादनातील एक मोठे पर्व संपले. ध्रुपदाच्या जाणकारांनी ही हानी भरून न येणारी असल्याचे मानले.

वारसा

असद अली खाँ यांच्या निधनाला आता तपाहून अधिक काळ लोटला आहे. त्यांच्या वादनाची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत आणि पणजोबांच्या पिढीला नसलेले हे साधन आजच्या अभ्यासकांच्या हाती आहे. रागाची मांडणी, गमकांचे वजन, झाल्याची गती आणि पखवाजाशी होणारा संवाद या ध्वनिमुद्रणांतून अभ्यासता येतो. चित्रफितींमुळे हातांची ठेवण आणि बैठकही पाहता येते. युरोपातील जुन्या संगीताच्या अभ्यासकांना त्यांच्या पूर्वसूरींच्या वादनाचा असा ऐकीव पुरावा कधीच मिळाला नाही.

तथापि ध्वनिमुद्रण शिष्याची चूक दाखवून देत नाही. मींड कमी पडली किंवा आघात उतावीळ झाला, तर ते समोर बसलेला गुरूच सांगू शकतो. असद अली खाँ यांनी कुटुंबाबाहेरच्या शिष्यांना घरात घेऊन जे बीज पेरले, त्याचे महत्त्व येथे लक्षात येते. त्यांचे दत्तक पुत्र आणि अन्य शिष्य यांच्या वादनातून ती तालीम पुढे गेली आहे. या शिष्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी असली तरी सात पिढ्यांपर्यंत ही विद्या एकेका वारसाच्याच भरवशावर तगली होती, हेही विसरता येत नाही.

वाद्य बदलायचे नाही हा त्यांचा निश्चय आणि विद्या खुली करायची हा त्यांचा निर्णय, या दोहोंतून त्यांची कारकीर्द घडली. पहिल्यामुळे खंडारबाणीचे जुने रूप एकविसाव्या शतकातील श्रोत्यांना ऐकायला मिळाले. दुसऱ्यामुळे ते रूप त्यांच्या माघारी शिकण्याची वाट खुली राहिली. त्या वाटेने किती विद्यार्थी जातील, हे आता संगीत शिकविणाऱ्या संस्था, वाद्य घडविणारे कारागीर आणि तासभराचा आलाप शांतपणे ऐकण्यास तयार असलेले श्रोते यांच्यावर अवलंबून आहे.